वेताळाचे वतन

डोक्यापासून पायापर्यंत अंगाला घट्ट बसलेला जांभळा पोशाख, त्या पोशाखावरून चढविलेली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कमरेच्या पट्ट्यावर कवटीची मुद्रा आणि दोन्ही बाजूंना दोन पिस्तुले, डोळ्यांवर मुखवटा आणि त्या मुखवट्यातून बुबुळांच्या जागी दिसणारी केवळ पांढरी पोकळी, अशा वेषात जो पुरुष विषुववृत्तानजीकच्या दमट अरण्यात बारमाही वावरतो, जो बंदरातील दारूच्या गुत्त्यात शिरून दूध मागतो, आणि ज्याला त्या मुलुखातील यच्चयावत लोक चारशे वर्षांचा अमर पुरुष समजतात, त्याच्या कथांकडे प्रौढ वयात वळून पाहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि तो प्रश्न गैरवाजवी नाही. इंद्रजाल कॉमिक्सच्या पातळ पुस्तिकांतून ‘वेताळ’ या नावाने मराठीत अवतरलेल्या या पुरुषाविषयी पुढील पृष्ठांत जे लेखन एकत्र केले आहे, ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील वाचकांचे आहे. त्या लेखनाच्या आरंभी या कथांचा पूर्ववृत्तान्त सांगावा, त्या या मुलुखात कोणत्या वाटेने आल्या आणि कोणत्या संस्कारांवर येऊन टेकल्या याचा शोध घ्यावा, आणि त्यांतील भाबडेपणा कबूल करूनही त्यांना गंभीरपणे वाचणे का आवश्यक वाटते ते मांडावे, इतकाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या नायकाचा जनक ली फॉक हा अमेरिकेतील सेंट लुईस शहरी १९११ साली जन्मलेला लेखक. १९३४ साली त्याने जादूगार मॅन्ड्रेकची चित्रमाला वृत्तपत्रांत सुरू केली, आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी ‘फँटम’ची, म्हणजे याच वेताळाची; तेव्हा आकाशातून उडणारा सुपरमॅन १९३८ साली जन्मास येण्यापूर्वीच अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि तोंडावर मुखवटा हा वीरपुरुषाचा गणवेश मुक्रर होऊन गेला होता. चित्रे आरंभी रे मूर याने, पुढे विल्सन मॅकॉय याने, आणि १९६१ साली मॅकॉय निवर्तल्यानंतर साय बॅरी याने काढली. भारतात ही चित्रमाला इंग्रजी वाचणाऱ्या घरांना ‘इलस्ट्रेटेड वीकली’मुळे आधीच ठाऊक होती, परंतु ज्या घरांत इंग्रजी नियतकालिक येत नव्हते त्यांच्या ओसरीपर्यंत ती पोहोचली ती मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू करून इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आदी देशी भाषांत ती काढू लागल्यावर. पहिले ३२ अंक सर्वस्वी वेताळाचे होते. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी ही मंडळी मागाहून आली. मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया रंगवीत असत, आणि मूळ अमेरिकी चित्रांत नसलेला एक भडक, उष्ण, देशी रंगांचा साज त्यांनी त्या वीराला चढविला, असे माझे मत आहे. नावांतही फेरफार झाले: मूळ कथेतील ‘बेंगाली’ हा देश आपल्या बंगालशी एकरूप होऊ नये म्हणून तो ‘डेंकाली’ झाला, आणि ‘सिंग’ नावाचे चाचे ‘सिंगा’ झाले. देशोदेशी या पुरुषाचा पोशाखदेखील एकाच रंगाचा राहिला नाही. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये तांबडा, आणि आपल्याकडे जांभळा.

सातारा-सांगलीच्या मुलांना हा परका पुरुष परका वाटला नाही, याचे कारण केवळ भाषांतर हे नव्हे. या मुलुखात चित्राने आणि वेषाने गोष्ट सांगण्याची रीत जुनी आणि राजमान्य होती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्या परंपरेतील नाटकांतून तोंडे रंगविलेले राक्षस राळेच्या भपक्यात आरोळ्या ठोकीत प्रवेश करू लागले, तेव्हा ज्या प्रेक्षकाने ते दृश्य खरे मानून आपले अंग चोरले, त्या प्रेक्षकाच्या नातवंडाला मुखवट्याच्या माणसावर विश्वास ठेवण्यास निराळे शिक्षण घ्यावे लागले नाही. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतःच्या कुंचल्याने रामायणातील प्रसंग चितारून १९१६ साली ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले; एका चित्रातून पुढच्या चित्रात कथा नेण्याचे हे काम एका संस्थानिकाने सातारा जिल्ह्याच्या कुशीत बसून केले, ही गोष्ट आपल्या चित्रकथांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दृष्टिआड करू नये. आणि नावाविषयी म्हणावयाचे तर, गावकुसाबाहेर शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपाने बसलेला, अमावास्येच्या रात्री आपली पालखी घेऊन फिरणारा, ज्याची भीती वाटते पण जो गावाची राखण करतो असा वेताळबा येथील पोरांच्या परिचयाचा होता. त्याच्या जोडीला १९५२ पासून मराठीत निघणाऱ्या ‘चांदोबा’ने विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघरी आणून ठेवला होता. मेलेला असूनही चालणारा, आणि चालत असूनही मारता न येणारा रक्षक, ही कल्पना फॉकने नवी म्हणून मांडली असेल. आमच्याकडे ती गावच्या शिवेवर बसलेली होती.

आता भाबडेपणाची गोष्ट. ती टाळून या कथांची स्तुती करणे अप्रामाणिक ठरेल. वेताळाच्या अरण्यात वाघ आणि सिंह एकत्र नांदतात. त्याच्या मालकीच्या ईडन नामक बेटावर तर ही श्वापदे हरणांच्या शेजारी झोपतात, कारण लहानपणापासून त्यांना मासळीवर वाढविले आहे. किलावीच्या किनाऱ्यावरची वाळू सोन्याची आहे. कवटीच्या आकाराच्या गुहेत जो खजिना आहे त्यात हिरेमाणकांच्या राशी आहेतच, शिवाय ब्रिटनच्या आर्थर राजाची तलवार आणि शिकंदराचा हिऱ्याचा पेलाही आहे. उजव्या हातातील अंगठीचा ठोसा ज्या गुंडाच्या जबड्यावर बसला त्याच्या कातडीवर कवटीचा ठसा जन्मभर राहतो. डाव्या हातातील अंगठीची खूण ज्याला लाभली त्याला कोणी हात लावीत नाही. जंगलातील पोलीस दल आपल्या अज्ञात सरसेनापतीचे हुकूम बिनतक्रार पाळते, आणि तो सरसेनापती कोण हे त्यातील एकालाही माहीत नसते. शहरात जावयाचे झाले म्हणजे हा पुरुष तोच जांभळा पोशाख न उतरविता त्यावर चौकड्यांचा ओव्हरकोट, टोपी आणि काळा चष्मा चढवितो, व त्यास कोणी ओळखीत नाही. यांतील एकही गोष्ट चौकस बुद्धीपुढे क्षणभर टिकणार नाही. मॅकॉयच्या काळातील चित्रेही ताठर आहेत. माणसे लाकडी बाहुल्यांसारखी उभी राहतात, आणि मारामारीच्या चित्रातसुद्धा कोणाच्या चेहऱ्यावरची घडी मोडत नाही. तथापि ती चित्रे मला बॅरीच्या सफाईदार चित्रांहून अधिक प्रिय आहेत, कारण त्यांत काहीही लपविलेले नाही. लहान मुलाने अत्यंत गंभीरपणे काढलेल्या चित्रात जी निष्ठा असते ती तेथे आहे.

या सर्व भाबडेपणाच्या मुळाशी एक बंदोबस्त आहे, आणि तो बंदोबस्त हाच माझ्या मते या कथांचा प्राण आहे. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज बुडविले. त्यावरचा एकुलता एक वाचलेला तरुण किनाऱ्यास लागला, बांदार जमातीच्या ठेंगण्या लोकांनी त्यास वाचविले, आणि आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्या निर्मूलनास मी माझे आयुष्य वाहीन, आणि माझे पुत्रपौत्र तेच व्रत चालवतील. म्हणून वेताळ मरत नाही. माणूस मरतो, पुत्र त्याला गुहेत पुरतो, तोच पोशाख अंगावर घालतो, तीच अंगठी बोटात चढवितो, आणि दुसऱ्या दिवशी मुलूख त्याला तोच जुना वेताळ समजून मुजरा करतो. आपण वाचतो तो एकविसावा. प्रत्येक पिढीच्या पुरुषाने आपल्या कारकीर्दीचा वृत्तान्त स्वतःच्या हाताने जाड वह्यांत लिहून ठेवला आहे, आणि त्या वह्यांच्या रांगा गुहेतील फळ्यांवर लागलेल्या आहेत. नव्या संकटात वर्तमान वेताळ दिवा लावून पणजोबाचा रोजनामा उघडून बसतो. इंद्रजालचा पहिलाच अंक पट्ट्याच्या कथेचा होता, आणि त्या कथेत पाठीत वार करून विसाव्या वेताळास मारणाऱ्याने जो कमरपट्टा पळविला तो पुत्राने परत मिळविला, एवढाच मजकूर आहे. ज्या मालेचा आरंभ वारशाच्या वस्तूवरून होतो तिचा विषय कोणता, हे वेगळे सांगावयास नको.

दख्खनच्या वाचकाला या बंदोबस्ताचे नाव शोधण्यास लांब जावे लागत नाही. हे वतन आहे. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी, देशपांडेपण ही चाकरीची पदे आमच्या गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्यात चालली; पद माणसाचे नव्हते, माणूस पदाचा होता; सनद, शिक्का, मानपान आणि दप्तर ही त्या पदाची अंगे होती, आणि वतनदार मेला म्हणून वतन मरत नसे. वेताळाचा पोशाख हा शिक्का आहे, अंगठी ही मोर्तब आहे, गुहेतील वह्या हे दप्तर आहे, आणि कवटीवरची शपथ ही सनद आहे. मात्र आमच्या वतनास जोडून इनाम जमीन होती, हक्क-लवाजमा होता, आणि त्यापायी भाऊबंदांनी शतकानुशतके एकमेकांवर फिर्यादी केल्या, महजर केले, प्रसंगी खून पाडले. वेताळाच्या वतनास उत्पन्न नाही. खजिना आहे, पण तो खर्चावयाचा नाही, राखावयाचा आहे. चाकरी तेवढी उरली आणि हक्क गळून पडला, अशी वतनाची शुद्ध मूर्ती कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणे शक्य नव्हते. ती एका अमेरिकी लेखकाच्या कल्पनेतून, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरील चौकटींतून निर्माण व्हावी, हे मला अजूनही नवलाचे वाटते.

काळाचा योगही ध्यानात घ्यावा. १९५० च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद महाराष्ट्रात संपुष्टात आले, आणि ते न्यायाचेच झाले, कारण जन्माने मिळालेल्या अधिकाराने गावांतील दुर्बळांचे जे हाल केले त्यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. त्याच वर्षी जिल्हा परिषदा आल्या. दक्षिण सातारा म्हणून १९४९ साली वेगळा काढलेला जिल्हा १९६० च्या अखेरीस सांगली या नावाने नांदू लागला होता. अशा वेळी, ज्या घरांच्या माळ्यावर जुन्या मोडी कागदांची गाठोडी अजून पडून होती परंतु त्यांचा अंमल उरला नव्हता, त्या घरांतील मुलांच्या हाती १९६४ साली एक वतनदार आला, ज्याला कोणताही कायदा खालसा करू शकत नव्हता. त्यातही साताऱ्याची आठवण निराळी. १८४८ च्या एप्रिलात शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज मृत्युशय्येवर दत्तक घेऊन निवर्तले, डलहौसीने ते दत्तविधान राज्याच्या वारशापुरते अमान्य केले, आणि गादी खालसा झाली. त्यापूर्वी पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजींनी वर्षानुवर्षे लंडनचे उंबरठे झिजविले ते व्यर्थ गेले. औरस पुत्राच्या अभावी एक राज्य बुडालेले ज्या शहराने पाहिले, त्या शहराच्या वाचकाला प्रत्येक पिढीत न चुकता पुत्र होणाऱ्या घराण्याची कथा केवळ गंमत म्हणून वाचता येईल, असे मला वाटत नाही. १९७७ साली वेताळाचा डायना पामरशी विवाह झाला आणि पुढे त्यांना जुळी मुले झाली, तेव्हा बाविसावा वेताळ जन्मास आल्याचा जो आनंद वाचकांना झाला, त्यात वंश राहिल्याचा तो जुना, खोल, या मातीतील दिलासा होता.

परंतु याच मुलुखात वतनाला उत्तर देणारी दुसरी कथाही घडली होती, आणि ती चित्रातील नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले; गावोगाव न्यायमंडळे बसली, सावकारांना आणि दरवडेखोरांना जरब बसली. ७ जून १९४३ रोजी जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटली. त्याच सालच्या २४ जुलैस वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंग फोडून बाहेर पडले, आणि त्या झटापटीत अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोघे कामी आले. या माणसांना मुखवटा नव्हता, अंगठी नव्हती, एकविसाव्या पिढीचे पाठबळ नव्हते. ती शेतकऱ्यांची पोरे होती. त्यांना गोळी लागत असे. मग ज्या मुलाने आपल्या आजोबांच्या तोंडून शेणोलीची हकीकत ऐकली, त्याला जांभळ्या पोशाखाच्या माणसाची गरज का वाटावी? मी याचे उत्तर असे देतो: खऱ्या वीराच्या कथेत मुलाला मृत्यू भेटतो, आणि मृत्यू पाहून झाल्यावर कोणी तरी न मरणारा असावा अशी इच्छा मनुष्याच्या ठिकाणी उत्पन्न होते. शेणोलीने मुलाला धैर्य दिले. वेताळाने त्याला आश्वासन दिले. या दोहोंची गल्लत त्याने कधी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एक आक्षेप राहतो, आणि तो सर्वांत भारी आहे. हा रक्षक गोरा आहे, आणि ज्यांचे तो रक्षण करतो ते काळे आहेत. ठेंगणे बांदार त्याच्या पायाशी बसतात, ढोल वाजवून त्याचा निरोप पोचवितात, त्याच्या सिंहासनापुढे नमतात. चारशे वर्षांत त्यांच्यातील एकाही पुरुषास, किंवा स्त्रीस, तो पोशाख घालण्याचा मान मिळालेला नाही. फॉक किपलिंगचा चाहता होता. बांदार हे नावसुद्धा त्याने किपलिंगच्या वानरांवरूनच घेतले, आणि आफ्रिकेच्या अरण्यात वाघ शिरले तेही बहुधा त्याच वाटेने. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गोऱ्या रेसिडेंटाचा सल्ला हुकूम म्हणून ऐकला त्यांच्या नातवांनी ही रचना विनातक्रार वाचली, याचे मला दुःख आहे, आणि जुन्या प्रेमापायी ते दडपून टाकण्याची माझी इच्छा नाही. फॉकला पुढे ही अडचण उमगली असावी. साठीच्या दशकात आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले तेव्हा त्याने आपल्या काल्पनिक देशासही लुआगा नावाचा कृष्णवर्णी, सुशिक्षित, निवडून आलेला अध्यक्ष दिला, आणि वेताळ त्या अध्यक्षाचा मित्र व मदतनीस झाला. हा बदल पुरेसा नव्हे. सिंहासन गुहेतून हलले नाही. पण ज्याने सिंहासन रंगविले त्यानेच त्याच्या शेजारी मतपेटी आणून ठेवली, याची नोंद न घेणे अन्यायाचे होईल.

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आणला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणियांनीच काढली. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला हा तरुण एका दरोडेखोराचा मुलगा होता, आणि बापाचा वारसा नाकारून त्याने गावकऱ्यांना दरोडेखोरांविरुद्ध संघटित केले. वतनाच्या उलट टोकाची ही कल्पना होती. विचार म्हणून मी तिला वेताळाहून श्रेष्ठ मानतो. तथापि मुले वेताळाचेच अंक आधी मागत. सज्जनांच्या आवडीसाठी लिहिलेले ‘आनंद’ हे मुलांचे मासिक १९०६ पासून होते, पुढे १९७१ साली ‘किशोर’ आले, आणि शिक्षकांनी त्यांची शिफारस करावी हे रास्तच होते. इंद्रजालची शिफारस कोणी केली नाही. ते भूमितीच्या पुस्तकात घालून वाचले गेले, एसटी स्टँडवरच्या गाड्यावरून, मिरज जंक्शनच्या फलाटावरून घेतले गेले, वेष्टनाशिवाय हातोहात फिरले, आणि रद्दीत गेले. सुमारे ८०० अंक काढून १९९० साली ही माला बंद झाली.

ज्या दप्तराविषयी वर इतके लिहिले, त्याचीच गोष्ट आता शेवटी सांगावयाची आहे, आणि ती विनंती म्हणून सांगतो. पाठ्यपुस्तके आणि कादंबऱ्या वाचनालयांच्या दाखल-नोंदीत चढल्या. हे अंक चढले नाहीत. मराठी आवृत्तीचा कागद हलका, टाचण्या गंजणाऱ्या, आणि कृष्णेच्या पुराने, विशेषतः ऑगस्ट २०१९ च्या पुराने, सांगलीच्या सखल पेठांतील किती तरी घरांच्या ट्रंकांतील जुने कागद लगद्यात मिळविले. ज्यांच्याकडे मराठी वेताळाचे अंक उरले असतील त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नयेत, कोरड्या कापडात आडवे ठेवावेत. प्रत्येक अंकाचा क्रमांक, महिना, किंमत, मुखपृष्ठाचे वर्णन, त्यावर पेनाने लिहिलेले पूर्वीच्या मालकाचे नाव, आणि तो अंक कोणत्या गावी, कोणत्या दुकानातून, कोणाकडून आला याची आठवण असेल तेवढी एका वहीत लिहावी, आणि त्या वहीची एक नक्कल आपल्या तालुक्याच्या वाचनालयात द्यावी. पुढील लेखांपैकी ज्यांत अंकांचे क्रमांक दिले आहेत ते अशाच वह्यांवरून घेतले आहेत; ज्यांत दिलेले नाहीत, तेथे अंक स्वतः कोणाच्याही हाती आता राहिलेला नाही.